प्रवेशाच्या दिवशीचा सत्कार

आमच्या गावाला सत्काराची फार हौस. कुणाचा पोरगा पोलीस भरतीत नुसता धावण्यात पास झाला की स्टँडवर फ्लेक्स लागतो. पुढं लेखीत तो आपटला तरी फ्लेक्स तिथंच, वाऱ्यानं फाटेपर्यंत. त्यावर ज्याचं अभिनंदन त्याचा फोटो तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांची तोंडं परातीएवढी. गावातल्या शाळेचं छत तीन पावसाळे गळत होतं, पण फ्लेक्सला कधी पैसे कमी पडले नाहीत.

माझे मोठे चुलते या सगळ्याचे म्होरके. बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात मला बीएस्सीला घातलं तेही त्यांनीच, कारण तिथं त्यांची ओळख होती. प्रवेश तसाही मिळालाच असता, पण ओळखीशिवाय मिळालेल्या गोष्टीला आमच्या घरात किंमत नव्हती. त्या वर्गात कुणी शिकवायला फिरकत नसे. हळूहळू मीही जाईनाशी झाले आणि पहिल्याच वर्षी चार विषयांत आपटले. चुलत्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला, "पोरीचं डोकंच न्हाई त्यात. दोनाचे चार हात करून टाका आन् मोकळे व्हा."

वडील सुप्याला कंपनीत होते, रविवारचे घरी यायचे. मोठ्या भावापुढं मान हलवण्यापलीकडं त्यांनी कधी काही केलं नाही. आई तर थोरल्या दिरासमोर बोलतच नसे. पदर पुढं ओढायचा आणि भाकरी वाढायची, एवढंच तिचं काम. चुलते हात धुऊन गेल्यावर ती मला म्हणाली, "दुसरीकडं कुठं जाता येतंय का, बघ."

जाता येत होतं. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमा चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. लांबचा वळसा होता, पण रस्ता होता. चुलते भेटेल त्याला सांगत सुटले की पोरगी नापास झालीय, आता दुकानं बदलतीय. मी डिप्लोमा पहिल्या वर्गात काढला, तेव्हा त्यांना ऐकू कमी यायला लागलं. मग नगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला आणि त्यांचे कान एकदम बरे झाले. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती.

नंबर लागला म्हणजे प्रवेश झाला असं नव्हतं. मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं, शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत. चुकलं की जागा गेली. मला पुढचं वर्ष कुणी देणार नव्हतं, चुलत्यांनी संगमनेरकडचं एक स्थळ धरूनच ठेवलं होतं. त्यात जुन्या कॉलेजनं एक दाखला द्यायला आठवडा झुलवलं. तो हातात पडला तेव्हा शेवटचाच दिवस उरला होता, आणि नेमका तोच दिवस चुलत्यांनी सत्काराला धरला, कारण निवडणुकीचं तिकीट ज्यांच्या हातात होतं ते पक्षाचे साहेब त्याच दिवशी आमच्या भागात येणार होते.

"काका, आज शेवटचा दिवस हाय," मी म्हटलं.

"दहाला सुरू, साडेदहाला तू मोकळी. माझ्या गाडीतून सोडतो की नगरला! फाईल आत्ताच गाडीत ठेव."

मी ठेवली. गाडीला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

मारुतीच्या देवळासमोर मांडव होता. माझ्या डोक्याला भगवा फेटा बांधून मला मधल्या खुर्चीत बसवलं. माझ्यामागं फ्लेक्सवर चुलते हात जोडून हसत होते. अकरा वाजता माईकवाला म्हणाला, साहेब राहुरीपर्यंत आलेत. बारालाही साहेब राहुरीतच होते. मधल्या काळात सरपंचांचा सत्कार झाला, मांडववाल्याचा झाला, गेल्या वेळच्या सत्काराला आलेल्यांचाही झाला. मी दोनदा उठले. दोन्ही वेळा चुलत्यांनी हसऱ्या तोंडानं माझं मनगट दाबून खाली बसवलं. "साहेबांच्या हातनं शाल घ्यायला नशीब लागतं," ते म्हणाले. मला त्या माणसाची किळस आली. नापास झाले तेव्हा माझं तोंड बघायला तयार नव्हता, आणि आता मला खुर्चीतून हलू देत नव्हता.

एक वाजून गेल्यावर बायकांमधून आई उठली. मला वाटलं घरी निघाली. ती सरळ स्टेजवर चढली. ताटातली शाल उचलून तिनं माझ्या खांद्यावर टाकली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "झाला सत्कार. ऊठ."

मग तिनं थोरल्या दिरासमोर हात पुढं केला. पदर डोक्यावर होता, पण त्या दिवशी पुढं ओढलेला नव्हता. "भावजी, गाडीची किल्ली द्या. पोरीची फाईल काढायची हाय."

माईक चालूच होता. ते वाक्य देवळावरच्या कर्ण्यातून पार मळ्यांपर्यंत गेलं असेल. चुलत्यांनी इकडंतिकडं बघितलं. सगळं गाव त्यांच्या खिशाकडं बघत होतं. त्यांनी किल्ली दिली. आईनं फाईल काढून किल्ली बोनेटवर ठेवली आणि आम्ही स्टँडकडं पळालो.

एसटी मिळायलाच तीन वाजून गेले. ती राहुरीच्या अलीकडं आली तेव्हा समोरून झेंडेवाल्या गाड्यांची रांग धुरळा उडवत गेली. साहेब होते. आई खिडकीतून बघून म्हणाली, "आता निघालंय व्हय हे?" आणि शाल घडी करून मांडीवर ठेवली.

कॉलेजच्या खिडकीशी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते आणि क्लार्क कुलूप हातात घेऊन उभा होता. माझ्या डोक्यावर अजून फेटा होता. "सत्कारातून आलात वाटतं," तो म्हणाला. त्यानं हसत कुलूप टेबलावर ठेवलं आणि फाईल मागितली. शिक्का पडला तेव्हा मला रडू आलं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

बाहेर आई पायरीवर नारळ आपटत होती, तेवढ्यात फोन वाजला. चुलते ओरडत होते, "साहेब आल्यात! कुठं हाय पोरगी? खुर्ची रिकामी दिसतीय!"

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "तिचं काम झालं, भावजी. खुर्ची रिकामी हाय तर तुमीच बसा."

दोन दिवसांनी आमच्या स्टँडवर नवा फ्लेक्स लागला. साहेबांच्या हातून शाल घेताना चुलत्यांचा फोटो होता, डोक्याला फेटा, खुर्ची माझीच. ते खरोखरच बसले होते.