पुढची डावी सीट

आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर कोणी नसतानाही तिचा पट्टा लावलेला असे. बाहेरून पाहणाऱ्याला ते चमत्कारिक वाटत असणार. उजवीकडे मी, आणि शेजारी पार मागे सरकवलेली रिकामी सीट, तिच्यावरून तिरका गेलेला काळा पट्टा. कारण साधं होतं. पट्टा काढला की गाडी टिंग टिंग वाजायची. सीटमध्ये सेन्सर असतो, कोणी बसलं की त्याला वजन कळतं, असं मेकॅनिकने सांगितलं. तो बिघडला असेल, बदलून टाकू, म्हणाला. मी नको म्हटलं. पट्टा लावला की आवाज थांबे, तेवढं मला पुरत होतं.

त्या सीटवर माझे यजमान गेले.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असे. नेणं-आणणं मी करत असे. पाय सुजत म्हणून सीट मागे ढकललेली, आणि आडवं झालं की दम लागे म्हणून पाठ ताठ. त्या दुपारी परतताना पूर्णा गावाच्या गोदामांपाशी कंटेनरची रांग लागली होती. मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. निवृत्त झाले तरी मला तिथल्याच गोष्टी सुचतात. भूगोलाच्या कपाटाला वाळवी लागल्याचं मी त्यांना सांगत होते. ते डोळे मिटून ऐकत, तसेच बसले होते. हनुवटी छातीवर टेकलेली, पट्ट्याने अंग सरळ धरलेलं. रांग सुटली, गाडी टेमघरला आली, आमच्या फाटकाशी थांबली, तरी मी बोलतच होते.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी झाला असावा. म्हणजे पूर्णापासून टेमघरपर्यंत मी वाळवीचं कोणाला सांगत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा या गोष्टीला आठ महिने झाले होते. जावई आखातात, त्यांना सुट्टी बारशाच्या वेळीच मिळणार होती. म्हणजे बाळाला ठाण्याच्या हॉस्पिटलमधून घरी आणायची गाडी मीच चालवणार. मुलीने आल्या आल्या सांगितलं की बाळ कार सीटमध्येच येईल. मी म्हटलं, तुला मी मांडीवर आणलं होतं, तेही रिक्षातून.

"आई, ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ हातात राहत नाही."

तिचं बरोबर होतं आणि ते मला माहीत होतं. माझी अडचण वेगळी होती, ती मी तिला सांगितली नाही. मांडीवरच्या बाळाचा श्वास आपल्या पोटाला कळतो. पट्ट्यात बांधलेलं माणूस मात्र बाहेरून नेहमी ठीकच दिसतं.

बाजारात लहान मुलांच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले; वडिलांचे कापडाचे लूम होते, यांनी दुकान काढलं. त्यांची मुलगी माझ्याकडून पुस्तकं नेत असे, म्हणून ते मला अजून टीचर म्हणतात. गाडी लहान आहे म्हटल्यावर दोन सीट घेऊन ते स्वतः बाहेर आले. बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका, म्हणाले.

एक सीट लहान, टोपलीसारखी, वर धरायला दांडा. ती मागे डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पाठीला टेकून बरोबर बसली. काही हलवावं लागलं नाही. दुसरी मोठी, जाड बुडाची, मागे कलती करता येणारी. दोन्हींत बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. मोठीला जागा पुरेना. पुढची सीट वीतभर पुढे घ्यावी लागणार होती. त्यांनी सहज वाकून सीटखालच्या दांड्याला हात घातला.

त्याला हात लावू नका, असं मी म्हटलं. मला वाटलं होतं त्याहून मोठ्याने.

त्यांनी हात काढून घेतला. सोबत आलेली माझी मुलगी रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने सुचवलं की उजव्या बाजूला बसवू. पण त्या बाजूचं बकल कित्येक वर्षं नीट लागत नव्हतं, आणि तिकडचं दार रस्त्याकडे उघडतं, जिथून टेम्पो अंगाला घासून जातात.

"टीचर," ते लहान सीटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "इसमें बच्चा बैठेगा, उसमें लेटेगा. एवढं लहान मूल बसत नसतं."

मी म्हटलं, लहानच द्या.

घरी आल्यावर मुलगी सरळ आत गेली. सीट गाडीतच राहिली. मी भाजीला गेले, बँकेत गेले, ती मागे रिकामी डुलत होती.

तिसऱ्या दिवशी खारबावहून माझ्या नणंदबाई आल्या, यजमानांची थोरली बहीण. मुलगी त्यांना आत्या म्हणते, मी ताई. त्यांनी फाटकातूनच गाडीत पाहिलं आणि चप्पल न काढता पायरीवर बसल्या.

"वैनी, रिकामा पालना हलवू न्हाय. तू तर त्यो गावभर हलवून आनलास."

मुलगी हसून म्हणाली की तो पाळणा नाही, सीट आहे.

"पोर निजंल का न्हाय त्यात? मग पालनाच."

मी शिकलेली बाई. असल्या गोष्टी मी मुलांना पुस्तकांतून खोडून दाखवत आले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी ताईंनी पिशवीतून वरवंटा काढला तेव्हा मी त्यांना अडवलं नाही.

आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, मग मूल. सासऱ्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. वरवंटा राहिला, कारण त्याने मसाला वाटायचा होता. आता वंदना झाली की तोच वरवंटा पाळण्यात जातो, आणि का जातो हे कोणी विचारत नाही. ताईंनी तो जुन्या सुती लुगड्यात गुंडाळला. शेजारच्या लूममधून चिंध्या आणून त्यांचा गोळा केला, वरच्या टोकाला डोकं म्हणून बांधला, आणि मुलीचं लहानपणीचं टोपडं त्यावर चढवलं. मग काजळाची डबी उघडली. डोळे काढू नका, असं मी म्हटलं.

"डोलं न्हाय काढत. डोलं ज्याचं त्यो घेऊन येल." त्यांनी नुसती तीट लावली.

आता सीट रिकामी नव्हती. पट्टे आवळून वरवंटा बसवला. मुलीचे पाय सुजले होते, ताई तिच्याजवळ थांबल्या. रस्त्याचा अंदाज घ्यायला पूर्णापर्यंत जाऊन येते, असं सांगून मी एकटीच निघाले.

वरच्या आरशात सीटची पाठ दिसे, आणि तिच्यावरून टोपड्याची पांढरी कड. खड्डा आला की कड खाली जाई, वर येई. गतिरोधकावर दोनदा. मी गाडी सावकाश चालवत होते, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की प्रत्येक खड्ड्याआधी मी 'आला हं' म्हणते आहे.

एका नाक्यावर शेजारी रिक्षा थांबली. आत बसलेल्या बाईने टोपडं पाहिलं, बाळाला बोलवतात तसा ओठांचा आवाज केला आणि बघायला पुढे वाकली. मग ती मागे सरकली, पदर तोंडावर घेतला आणि रिक्षावाल्याला चल चल म्हणाली. सिग्नल अजून लालच होता.

पूर्णाला गोदामांपाशी नेहमीची रांग होती. मी इंजिन चालू ठेवून थांबले. तेव्हा टिंग टिंग सुरू झालं.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. मी बकल दाबून पाहिलं. घट्ट होतं. सीटवर पर्स नव्हती, पिशवी नव्हती. मी हात फिरवून पाहिला. रेक्झिन उन्हाने तापलं होतं, मधला भाग तेवढा जास्त. ऊन मध्येच पडलं असेल. आवाज चालूच राहिला, आणि पुढचा कंटेनर हलला तसा थांबला. घडलं ते लिहिते आहे, त्यापुढचं मला माहीत नाही.

घरी आले, मागचं दार उघडलं. डोकं छातीवर पडलं होतं.

टोपड्याची नाडी लुगड्यात रुतली होती, चिंध्यांचा गोळा पुढे वाकून दगडावर टेकला होता. पट्टे जागच्या जागी, अंग अगदी सरळ. मी बोट पुढे नेलं आणि जिथे नाक असतं तिथे धरलं. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. हे केव्हा झालं असेल तेही सांगता येत नाही. आरशात टोपड्याची कड दिसायची केव्हा बंद झाली, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी येताना बोलत होते, एवढं आठवत होतं.

डोकं उचलून मागे टेकवलं. पुन्हा पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडलं. पुढच्या सीटची पाठ मागून रेटत होती, त्यामुळे टोपली जवळजवळ उभीच राहिली होती. मागे कलायला तिला जागाच नव्हती.

ताई फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी वरवंट्याकडे पाहिलं, पुढच्या सीटकडे पाहिलं, लावलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. ती सीट मी हलवू देत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "माज्या भावानं कुनाची जागा कदी आडवली न्हाय."

मी पुढचं दार उघडलं आणि बकल दाबलं. पट्टा सरसरत वर गेला. सीटखालचा दांडा ओढला तर सीट हलेना, आठ महिन्यांत रूळ धरले होते. ताईंनी मागून गुडघा लावला, मी पुढून ओढलं. एकदम सुटली. खालच्या चटईवर दोन सरळ पट्ट्या राहिल्या होत्या, बाकी सगळी चटई धुळीने विटलेली आणि तेवढ्या जागी नव्यासारखी काळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही लहान सीट परत नेली. दुकानदारांनी ती ठेवून घेतली. मोठी सीट बसवली, मागे कलती केली, पट्टा गुडघ्याने दाबून आवळला आणि हलवून दाखवली; हलली नाही. मग ताईंनी वरवंटा आत ठेवला. तीट लावलेल्या त्या दगडाकडे दुकानदारांनी गंभीरपणे पाहिलं.

"माशाअल्लाह," ते म्हणाले, "सेहत अच्छी है."

मुलगी पोट धरून हसली. मी गावाला दोन चकरा मारून आले. डोकं मागे टेकलेलंच राहिलं.

नात बारा दिवसांनी झाली. हॉस्पिटलच्या दारात मी तिला स्वतः सीटमध्ये ठेवलं, पट्टे लावले, हनुवटीखाली बोट घालून पाहिलं. बोट जात होतं. मधे मुलगी, पलीकडे ताई. पुढची डावी सीट डॅशबोर्डला भिडलेली, तिचा पट्टा मोकळा. मी गाडी सुरू केली आणि आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. कशेळीचा पूल ओलांडला तरी आला नाही. मागे कोणी बोलत नव्हतं, बाळ झोपलं होतं, आणि टोपड्याची कड गाडीबरोबर खाली-वर होत होती, अगदी वरवंट्याची होत होती तशी.

पूर्णाला रांग होती. मी थांबले. टिंग टिंग सुरू झालं.

पट्ट्याकडे माझा हात गेला होता. तो मी मागे घेतला आणि आवाज वाजू दिला. मागे एक बारीक कुरकुर झाली, मग रडणं, आणि मग ते रडणं इतकं वाढलं की टिंग टिंग ऐकू येईना.

"आजानं उठवली," ताई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मी आरशात पाहिलं. टोपड्याची कड हलत होती. गाडी तर उभी होती.