पेवातली वाईन आणि आप्पांचा कंदील

"आप्पा, आत बल्ब लावलाय. तुमचा कंदील राहू द्या आता," हे मीच म्हणालो. तोवर सतीशचे दोन्ही पाय शिडीवर होते.

झरीच्या त्या घरात मी सिव्हिल इंजिनिअर म्हणून जात होतो. सतीश बरीच वर्षं नाशिककडे एका वायनरीत नोकरी करून गावी परतलेला. स्वतः केलेली वाईन त्याला घराखाली सात-आठ वर्षं मुरवायची होती. आप्पा त्याचे वडील. कपाळाला भस्म लावणारे, चहापलीकडे काही न घेणारे. "दारूच की ती," एवढं बोलून त्यांनी होकार दिला होता.

वाईनला अंधार आणि एकसारखा गारवा लागतो. घराखाली जुनं पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. गावठाणाची पांढरी माती पाणी धरत नाही, तरी मी पावसाळाभर भिंती चाचपत होतो. ओल आली नाही. मग प्लास्टर केलं, लोखंडी शिडी बसवली, तोंडाला रबर लावलेलं घट्ट झाकण केलं. सतीशने हवेच्या पाइपचं विचारलं होतं. "नको, उन्हाळ्यात गरम हवा आत येईल," असं मी ऐटीत सांगितलं.

आठ दिवसांपूर्वी त्याने वाईनचे चार मोठे काचेचे बुधले आत ठेवून झाकण लावलं. आज ते उघडून तो रॅक मांडायला उतरत होता.

आप्पांनी माझं ऐकलं नाही. त्यांच्या घरात पेव उघडलं की आधी दिवा सोडायचा, मग माणूस. सुतळीला बांधलेला कंदील त्यांनी सतीशच्या शेजारून खाली सोडला. त्याच्या पावलांखाली हातभर गेला आणि विझला.

"वात बसली असंल," म्हणत सतीश आणखी एक पायरी उतरला.

"थांब तिथंच," आप्पा म्हणाले. कंदील वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. कंदिलाला काच होती, त्यामुळे वाऱ्यावर ढकलता येईना. खाली माझा बल्ब मात्र लख्ख जळत होता.

"सतीश, बुधल्यांतली वाईन पूर्ण झालीय ना?" मी विचारलं.

"न्हाई सर, थोडी आंबायलीय अजून. बुडबुडे यायलेत."

आंबताना वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठत जातो, आणि दिसत नाही. चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरणाराही तिथंच राहतो. त्या वायूला बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती.

"वर ये."

"सर, बल्ब तर जळायलाय की."

"बल्बला हवा लागत नाही, तुला लागते. ये वर." माझा आवाज फाटला. मी त्याची कॉलर धरून ओढलं तेव्हा कुठे तो वर आला.

"ज्वारीच्या पेवात बी असंच व्हायचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमचे एक चुलते असेच गेले."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इंजिनिअर. तुमाला म्हाईत असंल म्हनलं."

दुसऱ्या दिवशी ब्लोअर आणून त्याचा पाइप तळापर्यंत सोडला, दिवसभर पेवातली हवा उपसली. कंदील तळाला टेकून जळत राहिला, मगच बुधले वर काढले. आंबणं संपेपर्यंत ते मागच्या पडवीत राहिले. हवेचे दोन पाइप मी माझ्या खर्चाने बसवले.

हल्ली ड्रॉइंगमध्ये तळघर असलं की सामानाच्या यादीत मी शेवटी 'कंदील, एक नग' लिहितो. कॉन्ट्रॅक्टर हसतात. मी ती ओळ खोडत नाही.