कोरडे हात

देवीवर माझा राग होता, आणि तो पुरता गेला असं आजही मी म्हणणार नाही. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण खातं आधारशी जोडायला अंगठा लागायचा आणि माझा अंगठा मशीनला पटत नव्हता. आम्ही ढिवर, तळ्यावर जगणारे. सिहोऱ्याकडच्या आमच्या तळ्यात शिंगाडा लावतो. तोडताना काटे टोचतात, सोलताना बोटं काळी पडून सोलपटतात. सेवा केंद्रातला माणूस दर वेळी मान हलवायचा. "ताई, ठसाच येऊन नाही राहिला. क्रीम लाव." क्रीम म्हणे! फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं. गरिबांसाठी योजना काढायची आणि गरिबाचा हात मात्र ओळखायचा नाही, हे मला काही केल्या गिळवेना. माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. दादाचा अंगठा कधी पटलाच नाही. त्यानं पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि शिंगाडा तोडायला तळ्यातला डोंगा धरला.

अशात घट बसले. आमच्या घरची रीत अशी, की घट उठेपर्यंत बायकांनी तळ्यात हात घालायचा नाही, शिंगाड्याला सुरीही लावायची नाही. त्या दिवसांत तळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, माता पाण्यात असते म्हणतात. सगळा तालुका उपासाला शिंगाडे खातो, भाव तेव्हाच बरा मिळतो, आणि आम्ही हात बांधून बसायचं! मी मायवर खेकसले, "तुह्या मातेले माही फी दिसून नाही राहिली काय?"

"बस न वो चूपचाप," माय म्हणाली. "तिले दिसते सारं."

 माझ्या वाटणीचा शिंगाडाही दादानंच तोडला, त्यानंच सोलला. मी मातेपुढे रोज दिवा लावायचे, तोही रागारागानं. वात सारताना बोटांना लागलेलं तेल तसंच राहायचं.

घट उठल्यावर माय मला ओढतच केंद्रात घेऊन गेली. मी अंगठा टेकवला आणि तोंड फिरवलं. "आला की, ताई!" तो माणूस म्हणाला. मला तिथंच रडू फुटलं. हात पाण्याबाहेर राहिले, बोटांना रोज तेल लागलं, म्हणून ठसा उमटला, एवढं मला कळतं. पण मातेची रीत नसती, तर मी ते बाहेर ठेवलेच नसते. शिष्यवृत्ती आली, मी परीक्षा दिली.

त्या दिवशी केंद्रातून परतताना मी मायला विचारलं होतं, "मंग दादाच्या टायमाले कोठी गेली होती तुही माता?" मायनं पदर डोळ्यांना लावला.  माझे हात मातेनं कोरडे ठेवले, पण त्यासाठी दादाचे हात ओले राहिले. तिनं दिलं ते मी डोक्याला लावून घेतलं. जे दिलं नाही, त्याचा जाब विचारणं अजून सुटत नाही. तशीच, भांडत भांडत, मी तिच्या पायाशी जाते. दिवा लावून झाला की उरलेलं तेल दादाच्या बोटांना चोळते.

"आता कायले वो?" तो म्हणतो.

मी चोळत राहते.