मामीचं फडकं

वावटळीने फडक्याची चारही टोकं एकत्र धरली आणि कचकन पिळली.

मधाची धार डब्यात पडली. वावटळ खूश! दोन दोन दिवस थेंब मोजत कोण बसणार? दुपारी गाडी येणार, बारा डबे द्यायचे, आणि बारावा अजून अर्धाच.

नववीत शाळा सोडलेली ही पोरगी मामीच्या हाताखाली होती. एका जागी बसायची नाही, म्हणून सगळे वावटळ म्हणायचे. मधाची खोली वस्तीतल्या आदिवासी बायकांनी स्वतः उभी केलेली. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, दांडीला टांगलेली पांढरी फडकी. आधी दलाल सांगेल त्या भावात सगळे मुकाट मध द्यायचे. आता एका दुकानदाराची थेट आलेली ही पहिलीच मागणी. फसली की पुन्हा दलालाचं दार.

नियम मामीनेच घातलेला. पोळ्याचे तुकडे फडक्यात बांधायचे, मध आपसूक गळू द्यायचा. पिळला की अळ्यांचा रस उतरतो, मध आंबतो. जो पिळेल, त्याने वर्षभर फडक्याला हात लावायचा नाही.

मामी आली, डब्यात डोकावली. मध गढूळ, वर फेस.

"अगं बये, काय केलंस हे?"

"गाडी येईल ना मामी! कोणाला कळतंय?"

"मधाला कळतंय. माश्यांनी घाई केली नाही, तुझंच काय घोडं पळालं होतं?"

"आता मला फडक्याला हात लावू देणार नाहीत?" वावटळीने चिकट हात मागे लपवले.

"तोंड बंद ठेव, हात धू आणि घरी जा."

दुकानदाराला मामीने अकराच डबे दिले. "बारावा बिघडलाय, तो नाही देणार." तो कुरकुरला, पण पुढच्या महिन्यात परत आला.

मामी मात्र त्यानंतर वर्षभर खिडकीबाहेर बसून डबे घासायची. "हात भरून येतो गं," म्हणायची. आत फडकी वावटळ बांधायची.

"सैल बांध! गळा आवळतेस का त्याचा?" बाहेरून मामी ओरडायची.

खोलीभर मेणाचा वास, टप् टप्, बाहेर राखेची खसखस आणि मामीचे टोमणे. वावटळीला ते वर्ष अजून हवंहवंसं वाटतं. त्याच वर्षी ती एका जागी बसायला शिकली.

मामी गेल्यावर एकदा डबे रचताना मामा सहज बोलून गेला, "हात कसला भरून येत होता तिचा! त्या दिवशी गाडी गेल्यावर सगळ्यांपुढे उभी राहून म्हणाली, फडकं मीच पिळलं."