नानांच्या यार्डातला टँकर

"सगळं झक्कास आहे मॅडम. पण टँकर कुठंय?"

शेखरसाहेब माझ्या वर्कशॉपमध्ये कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर दहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन होतं, बहात्तर सालातलं. मालधक्का, पत्र्याची शेड, मीटरगेजचा अरुंद रूळ, कोळशाचं इंजिन आणि त्याच्यामागं धान्याचे डबे. ते इंजिन न घसरता फिरावं म्हणून मी दोन महिने घासले होते. साहेबांनी त्याच्याकडं एकदाच बघितलं. लग्नात लोक वाढप्याकडं बघतात तसं.

"कसला टँकर?" मी विचारलं.

"पाण्याचा! दुष्काळ आहे ना हा? टँकर नसला तर लोकांना कळणार कसं?"

मला मुद्दा पटला. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात सगळं खापर साहेबांवर फोडायची माझी फार इच्छा होती.

मी मॉडेलमेकर आहे. बिल्डर लोक जमिनीत पहिला खड्डा खणायच्या आधी माझ्याकडं येतात. मी त्यांना त्यांची इमारत टेबलावर बांधून देते. ती बघून गिऱ्हाईक फ्लॅट बुक करतं. या शहरात गेल्या पंचवीस वर्षांत मी जेवढी झाडं लावली तेवढी कुणीच लावली नसतील. सगळी स्पंजची आहेत. पाणी लागत नाही, त्यामुळं अजून हिरवीगार आहेत.

शेखरसाहेब माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या आठ बिल्डिंगा मी केल्यात. पण हे काम वेगळं होतं. त्यांचे वडील, नाना, स्टेशनवर गुड्स क्लार्क होते. म्हणजे मालगाडीतून काय आलं, किती आलं, ते बघणारा माणूस. वॅगनमधली पोती आणि कागदावरची पोती जुळतात का, हे त्यांनी तीस वर्षं तपासलं. रिटायर झाल्यावर वॅगन उरल्या नाहीत, म्हणून घरच्यांना तपासायला लागले.

नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माणसानं हजार पौर्णिमा बघितल्या की घरचे हा सोहळा करतात. त्यात हे स्टेशन नानांना भेट द्यायचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल ज्वारी, ज्याला लोक मिलो म्हणायचे, ती याच यार्डात उतरायची आणि नाना ती उतरवून घ्यायचे. त्यांच्या नोकरीतले ते सगळ्यात मोठे दिवस.

"आठ बिल्डिंगा बांधल्या मॅडम," ऑर्डर देताना शेखरसाहेब म्हणाले होते. "प्रत्येकीत नानांनी चूक काढली. इथं जिना अरुंद, तिथं गच्चीला उतार नाही. 'बरोबर आहे' असं आजवर एकदा म्हणाले नाहीत. मी मेलो तर म्हणतील, तिरडी वाकडी बांधली. एकदा त्यांच्या तोंडून तेवढं ऐकायचंय. चारचौघांत." म्हणाले हसत, पण हसू काही जमलं नाही. मला वाईट वाटलं. बिल्डरबद्दल वाईट वाटायची माझी ती पहिलीच वेळ.

मी म्हटलं, काळजी सोडा. म्हणायला काय जातं!

इंजिन आणि डबे जमले. अडलं ते यार्डातल्या गाड्यांवर. आमच्या धंद्यात सगळं स्केलवर चालतं. हे मॉडेल एकास सत्त्याऐंशी स्केलचं होतं. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी सेंटिमीटर असेल तर माझ्याकडं ती एक सेंटिमीटर. माणूस दोन सेंटिमीटरचा. खेळण्यांच्या दुकानातली मोटार त्याच्याशेजारी ठेवली तर माणूस चाकाएवढा दिसतो. शिवाय खेळणी करणारे लोक स्केल बघत नाहीत, खोका बघतात. एकाच मापाच्या खोक्यात मोटार, बस आणि रोडरोलर. तिन्ही एकाच लांबीचे!

मग ऑनलाइन शोधलं. या स्केलच्या गाड्या परदेशात ढिगानं मिळतात. पण सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडं. गुळगुळीत, चकचकीत, बर्फात चालायच्या गाड्या. त्या आमच्या मालधक्क्यावर लावल्या असत्या तर नाना म्हणाले असते, ही मिलो देणारे स्वतःच पोचवायला आले वाटतं.

शेवटी उस्मानभाईंकडं गेले. छावणीच्या पुढं त्यांचं ट्रकच्या बॉडीचं गॅरेज आहे. आता मुलं बघतात, उस्मानभाई खुर्चीत बसून मुलांच्या चुका काढतात. नानांशी त्यांचं चांगलं जमलं असतं. बहात्तर साली ते ट्रकवर क्लीनर होते. मी मोठ्या ऐटीत तयार केलेला पहिला ट्रक त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी चष्मा वर केला. "ये कब का ट्रक है बाई?"

"बहात्तरचा."

"हव? और ये नंबर?"

मी पाटीवर दोन मिलिमीटरच्या अक्षरात एमएच-वीस लिहिलं होतं. आमच्या शहराचा नंबर, रोज डोळ्यासमोर. उस्मानभाई म्हणाले, "ये नंबर आया तबतक मेरेकू तीन बच्चे हो गए थे."

मी पाटी खरवडली. पुढचे तीन आठवडे मी त्यांच्याकडून ट्रक शिकले. पुढं लांब नाक पाहिजे. पुढची काच एकसंध नको, मधोमध पट्टी असलेली दोन तुकड्यांची पाहिजे. फाळका लाकडी, फळ्यांमध्ये फट, आणि फटीतून थोडे दाणे सांडलेले. मी असे सहा ट्रक केले, एक काळी अम्बॅसिडर केली, दोन टांगे केले आणि चार बैलगाड्या केल्या. टांग्याचं घोडं बघून उस्मानभाई खूश झाले. "ये एकदम बरोबर भूका है," म्हणाले.

आणि आता हा टँकर.

दोन हजार सोळाचा उन्हाळा चालू होता. लातूरला रेल्वेनं पाणी पोचवत होते. औरंगाबाद शहरात, तेव्हा तेच म्हणायचो आम्ही, दर गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा. नव्या बिल्डिंगचं नाव आणि टँकरवाल्याचा मोबाइल नंबर एकाच बोर्डावर लिहिलेला. साहेबांचं म्हणणं समजून घ्यायला मी पदमपुऱ्यात त्यांच्या घरी गेले तर तिथंही टँकरच. त्यांच्या पहिल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेत होता आणि माझी स्कूटी त्याच्या मागं अडकली होती.

"असा पाहिजे," साहेब बाल्कनीतून ओरडले. "पण जुना!"

वर गेल्यावर मी म्हटलं, "एकदा नानांना आडून विचारू या का? तेव्हा टँकर कसे होते ते."

"काय मॅडम! सरप्राइज आहे ना. त्यांना विचारायचं तर मग सरप्राइज काय, माझं टक्कल?"

म्हणून मी पुन्हा उस्मानभाईंकडं गेले.

"टँकर? कायका होना? घासलेट का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, पाण्याचा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पानी का," म्हणाले. "उस टाइम को टँकर मतलब घासलेट नहीं तो पेट्रोल."

"असेल, पण आपल्याला पाण्याचा करायचाय. साहेबांनी सांगितलंय."

"हव. साहब बोले तो बोले." आणि त्यांनी मला टाकी कशी असायची ते काढून दाखवलं. गोल नाही, लंबगोल. मागं पितळी नळ. वर चढायला लोखंडी शिडी.

आता बघा. ज्या माणसानं माझी नंबरप्लेट पकडली, तो स्वतःहून काहीतरी सांगत होता. मी ऐकलं कुठं? मला टाकी गोल की लंबगोल याची चिंता. दहा दिवस मी त्या टँकरवर बसले. पितळेच्या तारेचा नळ केला. नळाखाली ओल दाखवली. शेजारी हंडे घेतलेल्या सात बायका उभ्या केल्या. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर वाहन बनवलं नव्हतं. शेखरसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "आत्ता दुष्काळ वाटतो."

सोहळा बायपासजवळच्या लॉनवर होता. लॉन हिरवं होतं. कसं ते मी विचारलं नाही.

नाना आले. किडकिडीत, ताठ, पांढरा सदरा, खिशाला पेन. ऐंशी दिव्यांनी त्यांना ओवाळलं. मग साहेबांनी टेबलावरची चादर ओढली आणि मी इंजिन सुरू केलं. लोक "अरे वा, अरे वा" करत मोबाइल काढून पुढं सरकले. नानांनी सुनेकडं हात केला. सुनेनं पर्समधून भिंग काढून दिलं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं हे असं होणार.

नाना टेबलाच्या एका टोकापासून निघाले. इंजिन बघितलं. डबे मोजले. "वॅगन बरोबर," असं पुटपुटले. शेखरसाहेबांनी माझा दंड धरला. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, आठ बिल्डिंगांचा मालक, आणि निकालाच्या दिवशी शाळेत उभं राहिल्यासारखा उभा.

"ट्रक बरोबर. काच दोन तुकड्यांचीच होती." पुढं सरकले. "टांगा बरोबर. बैल..." इथं थांबले. "बैल जरा खाऊनपिऊन सुखी आहेत. पण ठीक."

लोक हसले. साहेबही हसले. माझ्या जिवात जीव आला. बैलांवर निभावलं म्हणायचं.

मग भिंग टँकरवर आलं आणि तिथंच राहिलं.

"हे काय आहे?"

"टँकर, नाना," साहेब पुढं झाले. "पाण्याचा. दुष्काळ होता ना."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "शेखर, त्या साली धान्य नव्हतं. पाणी होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी होतं. कमी होतं, पण होतं. पाऊस पडला नाही म्हणून पिकलं काही नाही. पण विहिरी एवढ्या खोल गेल्या नव्हत्या आणि बोअर मारून कुणी जमिनीची चाळणही केली नव्हती. या यार्डात मी दोन वर्षं उभा होतो. पाण्याचा एक टँकर बघितला नाही मी."

कुणी हसलं नाही. मी इंजिन बंद केलं, उगाच. काहीतरी करायला पाहिजे म्हणून.

"तू दोन वर्षांचा होतास," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. कागद वाचून दाखवावा तसं सांगत होते. "मिलोची भाकरी तुला पचायची नाही. तुझी आई पाण्यात कालवून भरवायची. ते पाणी पदमपुऱ्यातल्या आपल्या विहिरीचं. सगळी गल्ली तिथं भरायची. त्या अख्ख्या दुष्काळात ती आटली नाही."

"नाना, तेव्हाची गोष्ट वेगळी..."

"तुझ्या पहिल्या बिल्डिंगच्या पार्किंगखाली आहे ती. चार नंबरच्या खांबाशेजारी. बुजवलीस तेव्हा मी सांगितलं होतं. तू म्हणालास, नाना, आता नळ आहे."

नानांनी दोन बोटांनी टँकर उचलला. मग एकेक करून हंडे घेतलेल्या सात बायका उचलल्या, मोडू नयेत अशा बेतानं. सगळं मुलाच्या ओंजळीत ठेवलं. "हे तुझ्या सालातलं आहे. माझ्या यार्डात नको."

मग त्यांनी पुन्हा भिंग घेतलं. रिकाम्या झालेल्या जागेवरून फिरवलं, धान्याच्या डब्यांवरून फिरवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता बरोबर आहे."

मागच्या रांगेतल्या लोकांना एवढंच ऐकू आलं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरनं साहेबांना ओंजळ वर धरायला सांगितली. त्यांनी धरली. तो फोटो मी बघितलाय. ज्या दोन शब्दांसाठी त्यांनी एवढं केलं ते मिळाले त्या क्षणाचा फोटो आहे तो, आणि त्यात त्यांचा चेहरा रडवेला आहे.

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. साहेबांना दुष्काळ आठवत नव्हता, ते दोन वर्षांचे होते. पण तपासणं हेच तर माझं काम होतं. काच तपासली, नळ तपासला, टाकीचा आकार तपासला. टँकर म्हणून अगदी बिनचूक. फक्त तो तिथं कधी नव्हता, एवढीच काय ती त्रुटी! आपण सगळे टँकरच्या रांगेत उभं राहून म्हातारे झालो, म्हणून आपल्याला वाटतं दुष्काळ म्हणजे टँकर. उस्मानभाईंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मैं बोला था ना बाई." बोलले होते. कबूल.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. वस्तू कोणत्या सालातली, हा दुसरा प्रश्न. ती तिथं होती का, हा पहिला. आणि साहेबांच्या ऐवजी क्लीनरला विचारायचं.

परवा शेखरसाहेबांच्या नव्या स्कीमचे नकाशे आलेत. बारा मजले, क्लब हाउस, मधोमध स्विमिंग पूल. पुलाचं पाणी कुठून येणार, एवढं कळवा, म्हणजे कामाला लागते, असं मी त्यांना लिहून पाठवलंय. त्यांनी मेसेज वाचलाय. निळ्या खुणा दिसतात.