अर्थ सांगणारे गुरुजी

बाजीराव गुरुजी जीपमध्ये बसले, की नारायणगाव येईपर्यंत त्यांना डोळा म्हणून लावता यायचा नाही. दिवसभर शाळेत पोरांपुढं घसा कोरडा झालेला, जीपमध्ये माणसावर माणूस बसलेला, आणि तेवढ्यात शेजारचा कोपरानं ढोसून विचारायचा, "गुरुजी, ते 'सबब' म्हंजी काय वो?" कुणाला सरकारी कागदातलं 'निरंक' अडलेलं असे, कुणाला फवारणीच्या बाटलीवरचं हिंदी. एका म्हातारीनं तर एकदा विचारलं, "टीव्हीवर ती बाई सारखी 'सौतन, सौतन' करती, ती कोन म्हनायची?" गुरुजींनी डोळे मिटूनच सांगितलं, "सवत." म्हातारी म्हणाली, "आगं बया! मंग बराबर रडती."

विचारणाऱ्याला गुरुजींनी कधी नाही म्हटलं नाही. लोक मान द्यायचे, चहा पाजायचे, जीपमध्ये पुढची जागा द्यायचे. पण मानानं काही पाठ दुखायची थांबत नाही. घरी येऊन कॉटवर अंग टाकलं, की त्यांच्या तोंडून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धड शब्द निघायचा नाही. त्यांच्या पत्नी द्रौपदाबाई म्हणायच्या, "गावाला समदं सांगून मोकळं हुता, घरात आलं की दातखीळ बसती तुमची."

शाळेचं असं, तर सुट्टीचं आणखी वेगळंच. गुरुजी बौद्धाचार्य होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या समाजाची लग्नं लावायला, नामकरणाला, मयताच्या पुण्यानुमोदनाला त्यांनाच बोलावणं यायचं. मे महिन्यात तर पांढरा सदरा धुऊन वाळायला सवड मिळायची नाही. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, तोंडाला उपरणं गुंडाळून, ते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जायचे.

त्यांच्या लग्न लावण्याची एक रीत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. नवरानवरीनं घ्यायच्या प्रतिज्ञा पालीत असतात. दुसरा कुणी असता, तर म्हणवून घेऊन मोकळा झाला असता. गुरुजी मात्र एक ओळ म्हणवून घ्यायचे, थांबायचे, तिचा अर्थ रोजच्या मराठीत सांगायचे आणि विचारायचे, "समजलं का? कबूल हाय का?" उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. घरचा कारभार बायकोच्या हाती देईन, अशी नवऱ्याची एक प्रतिज्ञा आहे. तिथं आल्यावर गुरुजी हमखास विचारायचे, "म्हंजी पगार कुनाच्या हातात द्यायचा?" नवरा आधी आईकडं बघायचा आणि मांडव हसायचा. नवरीच्या वेळी मात्र गुरुजी हसायचे नाहीत. पोरीनं नुसती मान हलवली, तर म्हणायचे, "मान नको, बाळा. तोंडानं सांग." तिकडं आचारी पळ्या आपटायचे, "आला अर्थवाला! भाताचा गोळा हुतोय आता."

ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, भाकऱ्या थापता थापता द्रौपदाबाई सहज बोलून गेल्या होत्या, "मला काय कळलं व्हतं तवा? म्हन म्हनले, म्या म्हनलं. पोपटावानी." त्या हसून बोलल्या होत्या, पण गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. आपल्या बायकोनं आपल्याला कबूल केलं ते न कळता केलं, हे त्यांना लागलं. पुढच्याच लग्नापासून त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली.

आणि ते नुसतं दाखवायचं नव्हतं. मंचरकडच्या एका मांडवात गुरुजींनी विचारलं आणि नवरी बोलेना. पुन्हा विचारलं, तर रडायला लागली. मग कळलं, की पोरीनं नवरा मांडवातच पहिल्यांदा पाहिला होता आणि तो तिच्याहून दुप्पट वयाचा होता. ते लग्न लागलं नाही. पोरीच्या चुलत्यानं भर मांडवात गुरुजींच्या सदऱ्याला हात घातला, बटणं तुटली. गुरुजी म्हणाले, "तिला न इचारता लावायचं व्हतं, तर मला कशाला बोलावलं?" घरी आल्यावर द्रौपदाबाईंनी बटणं लावून दिली आणि त्या दिवशी न मागता चहात दूध जास्त घातलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी, धम्मपाल, पुढं लग्नं लावायला लागला. त्यानंही हीच रीत उचलली. गुरुजींना त्याचा फार अभिमान होता.

स्नेहा ही गुरुजींची धाकटी. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, घरात हीच. लहानपणी बापाबरोबर मोटारसायकलच्या टाकीवर बसून तिनं कितीतरी लग्नं पाहिली होती. घरी बाहुल्यांचं लग्न लावताना बाहुलीला दरडावून विचारायची, "तोंडानं सांग!" आता ती जुन्नरच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं बी.एड. करायचं, बापासारखं शिकवायचं, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सन दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिला स्थळ आलं. मुलगा बुद्धभूषण, चाकणला कंपनीत, निर्व्यसनी, माणसं घरंदाज. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती, आणि तीच अडचण होती. नाव ठेवता आलं असतं, तर स्नेहाला भांडता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आबा, दोन वर्षं थांबा. मग म्हणाल तिथं करते."

गुरुजी म्हणाले, "बघू."

पण गुरुजी थकले होते. निवृत्ती जवळ आली होती, चढावर दम लागत होता, डॉक्टरनं छातीची पट्टी काढून गोळ्या लिहून दिल्या होत्या. आपलं बरंवाईट झालं तर पोरीचं कोण बघणार, हा किडा डोक्यात शिरला होता. चांगलं स्थळ दारात उभं आहे, लेक उजवली की सुटलो, असं त्यांना वाटायचं. 'बघू' म्हणता म्हणता त्यांनी सुपारी फोडली. स्नेहा दोन दिवस जेवली नाही. मग जेवायला लागली आणि बोलायची थांबली.

द्रौपदाबाई एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "लगीन लावायला धम्मपालला सांगा. तुमी बापाच्या जागी हुबं ऱ्हावा."

"वा गं वा! दोन तालुक्यांची लग्नं म्या लावली, अन् माझ्या पोरीचं दुसऱ्यानं लावायचं?"

द्रौपदाबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

लग्न मे महिन्यात, घरासमोरच्या मोकळ्या जागेत झालं. ऊन असं, की मांडवाच्या कापडाला हात लावला तरी चटका बसावा. टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि धम्मपाल त्या पुन्हा पुन्हा पेटवत होता. स्नेहा पांढऱ्या साडीत खाली बघून बसली होती. गुरुजींनी त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं. मग नवऱ्याच्या प्रतिज्ञा घेतल्या, नेहमीसारख्या, अर्थ सांगून. पगाराचा प्रश्नही झाला. बुद्धभूषण लाजून म्हणाला, "हिच्याच हातात." मांडव हसला. पोरगा खरंच गुणी होता.

मग नवरीची पाळी आली. गुरुजींनी पहिली ओळ सांगितली. स्नेहानं ती स्वच्छ, न अडखळता म्हटली आणि मान वर केली. सुपारी फुटल्यापासून पहिल्यांदाच ती बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होती. ती थांबली होती. कशासाठी थांबली, हे त्या मांडवात फक्त तिघाचौघांना कळलं.

गुरुजींनाही कळलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जी त्यांनी इतके दिवस स्वतःपासून लपवली होती. धम्मपालला लग्न लावू दिलं नाही ते मानापायी नव्हे. धम्मपालनं विचारलं असतं, म्हणून. मंचरच्या त्या पोरीसाठी सदऱ्याची बटणं तोडून घेणारा माणूस इथं घामानं भिजून उभा होता, आणि त्याला समोर वऱ्हाड दिसत होतं, पुण्याहून आलेला थोरला दिसत होता, शिजलेलं अन्न दिसत होतं.

त्यांनी दुसरी ओळ सांगितली.

स्नेहा लगेच बोलली नाही. मांडवात बायकांची कुजबुज थांबली, कुणाचं तरी तान्हं तेवढं रडत होतं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "म्हन, बाळा." तिनं म्हटली. तिसरी म्हटली, चौथी, पाचवी. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही. फुलं पडली, टाळ्या झाल्या, 'साधू, साधू' असा साधुकार झाला. आचारी खूश होता. "आज लई झटक्यात उरकलं गुरुजी!" तो म्हणाला.

धम्मपाल मेणबत्त्या गोळा करत जवळ आला. "गुरुजी, नवरीचा अर्थ राह्यला."

"शिकल्याली पोर हाय ती. तिला कळतं समदं," गुरुजी म्हणाले. धम्मपालनं मान डोलावली, पण तो पंगतीला बसला नाही. काम आहे म्हणून निघून गेला.

ऊन कलल्यावर वऱ्हाडाची जीप सुरू झाली. स्नेहा आईच्या गळ्यात पडून रडली. बापाच्या पाया पडताना मात्र तिचे डोळे कोरडे होते. "मी वाट बघत होते, आबा," ती म्हणाली. "तुमी विचारलंच न्हाई."

एवढ्या माणसांत, इतक्या उशिरा, गुरुजींनी विचारलं, "काय म्हणली असतीस गं?"

"आता ऱ्हाऊ द्या," स्नेहा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. ती जीपमध्ये बसली आणि जीप चाकणच्या रस्त्याला लागली.

मांडवात उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या. द्रौपदाबाई पदर खोचून त्या गोळा करत होत्या. गुरुजी खुर्चीवर बसले ते बसूनच राहिले. तिथूनच म्हणाले, "काय म्हणली असती गं ती?"

द्रौपदाबाईंनी वर पाहिलं नाही.

"न्हाईच म्हनली असती. अन् ते तुमाला ठावं व्हतं, म्हनून तर इचारलं न्हाई."