श्यामलाची यूट आणि हिवाळ्यातलं ॲव्हरेज

ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरातल्या श्यामलाला कुणी विचारलं, गाडी कुठली, की ती मान ताठ करून सांगते, "यूट." यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. न्यूझीलंडात ती मेंढपाळ चालवतात, सुतार चालवतात, आणि कर्वेनगरहून आलेली, समोरचा रस्ता दिसावा म्हणून बुडाखाली उशी घेणारी आमची श्यामला चालवते. आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास सीटमध्ये मुरला आहे. श्यामला त्यावर उदबत्ती लावते. त्यामुळे आत बसलं की एखादं ओलं कुत्रं देवळात शिरल्यासारखं वाटतं.

तिचा नवरा देवव्रत पुलांचा इंजिनिअर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला आलेल्यांपैकी एक. त्याने बायकोसाठी एक चंदेरी, छोटी, सभ्य गाडी पसंत केली होती. ती आणायला श्यामला एकटी गेली आणि ही हिरवी यूट घेऊन आली. त्या दिवसापासून तिने मागे वळून पाहिलं नाही; यूट रिव्हर्समध्ये टाकायला तिला अजूनही जरा जड जातं हे एक कारण. याच यूटवर तिने घरगुती डब्यांचा धंदा उभा केला. गावातल्या मराठी माणसांचे सोफे, फ्रिज आणि गणपतीही याच हौद्यातून इकडून तिकडे गेले. बायको यूट चालवते म्हणून देवव्रतची चेष्टा करणारे सगळे शिफ्टिंगच्या वेळी मात्र श्यामलालाच फोन करतात.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात यूटने ॲव्हरेज द्यायचं सोडलं. उन्हाळ्यात आठवडाभर पुरणारी टाकी बुधवारीच तळ दाखवू लागली. देवव्रत अशा संधीची वाटच बघत होता. त्याने जाहीर केलं की थंडी संपेपर्यंत कारण सापडलं नाही तर यूट विकायची आणि चंदेरी गाडी आणायची. श्यामलाने ताबडतोब मान्य केलं. कारण सापडणार याची तिला खात्री होती, आणि यूट विकायची नाही याची त्याहून जास्त.

देवव्रतने शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग आकडे बघायचे. थंडीत टायरमधली हवा बसते म्हणून ती भरली. एअर फिल्टर बदलला. इंजिन वेळेवर गरम होतं का हे बघायला गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट तपासून घेतला. गॅरेजवाला म्हणाला, थंडीत पेट्रोल थोडं जास्त लागतंच, पण इतकं नाही. बाकी तुझी यूट 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास आहे. रविवारच्या भिशीत प्रत्येक पुरुषाने आपापलं निदान सांगितलं. त्यातल्या एकालाही बॉनेट उघडता येत नव्हतं.

लेक जुई इथल्याच शाळेत वाढलेली. ती फोनवरून मान न उचलता म्हणाली, "मम, इट्स जस्ट ओल्ड."

"तुझा बाबाही ओल्ड आहे," श्यामला म्हणाली. "त्याची जाहिरात दिली का मी?"

यूटची मात्र दिली जाणार होती. देवव्रतने तिचे फोटोही काढून ठेवले होते, गंजलेली बाजू टाळून.

शेवटचा उपाय म्हणून एका शनिवारी तो स्वतः डबे पोचवायला बरोबर निघाला. काचेवर गोठलेलं दव श्यामलाने जुन्या लायब्ररी कार्डाने खरवडलं. पहिला डबा नीलांबरीकडे, हॉल्सवेलला. श्यामला इंजिन चालूच ठेवून उतरली. "आलेच," म्हणाली. देवव्रत बसून राहिला. हीटर घोंघावत होता. त्याने पुलाच्या कामाच्या सगळ्या ईमेल वाचल्या, काहींना उत्तरं दिली, मग समोरच्या घराच्या छपराचा उतार चुकलाय असा निष्कर्ष काढला. तेव्हा कुठे श्यामला गुळपोळी घेऊन परतली.

त्याने विचारलं, इंजिन बंद का नाही केलंस? तिला प्रश्नच कळेना. उन्हाळ्यात कुंपणापाशी गप्पा होतात, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून बंद करते. थंडीत लोक बाहेर उभं राहू देत नाहीत, आत ओढतात. अशा वेळी आपण खरंच घाईत आहोत हे पटवायला 'बाहेर गाडी चालू आहे हो' असं म्हणावं लागतं. आणि म्हणायचं तर ती चालू नको? चहा तरीही घ्यावाच लागतो, पण उभ्याने.

देवव्रतचा चेहरा उजळला. अपराधी यूट नव्हती, बायको होती. त्याने नवा हुकूम काढला: यापुढे डबा दारात द्यायचा आणि निघायचं, नाहीतर यूट विकायची. ते कसं करायचं हे दाखवायला पुढचा डबा, रोलस्टनच्या मधुकरकाकांचा, तो स्वतः घेऊन उतरला. अर्ध्या मिनिटाचं काम, म्हणून इंजिन चालूच ठेवायला सांगितलं.

काका मुलाकडे राहतात. मुलगा-सून दिवसभर कामावर. दार उघडलं तेव्हा ते माकडटोपी घालून तयारच होते. तू पूल बांधतोस ना रे, असं म्हणून त्यांनी त्याचं कोपर धरलं. श्यामलाने काच खाली करून कान टवकारले.

"काका, बाहेर गाडी चालू आहे."

"असू दे की. घोटभर घे, उभ्याने."

दार लागलं. श्यामलाने इंजिन मुद्दाम बंद केलं नाही. पुरावा होता तो. बऱ्याच वेळाने देवव्रत आला, हातात वाटी, वाटीत मुरांबा, आणि काकांच्या कोकणातल्या पुलाची संपूर्ण हकीकत डोक्यात. तिने पेट्रोलच्या काट्याकडे बोट केलं.

मग म्हणाली, "डबा टाकून पळायला मी पिझ्झावाली नाही, देवव्रत. यूट विकणार नाही, आणि चहाही सोडणार नाही. तुला पाहिजे तर चंदेरी गाडी तू घे."

त्याने मुरांब्याचं बोट चाटलं आणि फोनमधले फोटो पुसले.

हल्ली श्यामला प्रत्येक दारासमोर किल्ली फिरवून इंजिन बंद करते. ॲव्हरेज जवळजवळ उन्हाळ्याइतकं परत आलं आहे. दारात ती अजूनही म्हणते, "नको हो, बाहेर गाडी चालू आहे." मधुकरकाका खिडकीतून त्या मुक्या, थंडगार यूटकडे नीट बघतात, म्हणतात, "हो ना, ऐकू येतंय," आणि आधण ठेवतात.